शिंगाळ्याच्या तोंडातली पिल्लं

शिंगाळा हा मासा ओळखायचा तर त्याचं तोंड उघडावं लागतं. नुसत्या मिशांवर गेलं तर फसायला होतं, कारण मिशा त्याच्या सगळ्या भावकीलाच आहेत. हे मला शिकवलं आमच्या मयेकर बाईंनी, आणि तेही सांगलीत, जिथून समुद्र गाठायचा तर एसटीत निम्मा दिवस घालवावा लागे. बाई मूळच्या रत्नागिरीच्या. नवऱ्याची बँकेतली नोकरी म्हणून सांगलीला येऊन पडल्या आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागल्या. फॉर्मॅलिनच्या बाटलीतल्या माशाचा त्यांना मनापासून राग. "रंग जातो, अंग लाकडासारखं होतं, तो मासा राहतच नाही," म्हणायच्या. म्हणून त्यांचा भाऊ अधूनमधून ओल्या गोणपाटात मासे गुंडाळून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून द्यायचा. ते आले की बाईंचा चेहरा माहेरचा डबा आल्यासारखा उजळायचा. आता साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक मासेवाली बसते. तिच्या पाटीत शिंगाळा दिसला की मी थांबते. घेत नाही, खात तर नाहीच, तरी थांबते. सूनबाई म्हणते, "आई, लोक बघतात." बघू देत. या वयात बघण्यासारखं आपल्याजवळ दुसरं आहे तरी काय!

आमचं घर हरिपूरला, सांगलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आम्ही जैन, शेती करणारे; उसाची थोडी जमीन आणि हळद. या प्रकरणातले दिवस हळद शिजवण्याचे होते. मळ्यात मोठ्या कायलीखाली पाचटाचा जाळ चाललेला असायचा आणि शिजत्या हळदीचा तो उग्र, मातकट वास कपड्यांत, केसांत, भाकरीच्या पिठातसुद्धा शिरायचा. घरात कांदा-लसूण नव्हता. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असायची: जोंधळ्याची भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दूध. दिवा लागला की त्यावर जाळीची टोपी बसायची, चिलटं येऊन मरू नयेत म्हणून. आणि पाण्याचं तर विचारूच नका. पहाटे विहिरीवर रहाट कुरकुरायला लागला की समजायचं, आप्पा उठले. माझे वडील पाणी स्वतः गाळायचे, दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. जाड पांढऱ्या कापडातून घागर गाळून झाली की ते कापड उलटं करायचे, त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचे आणि ते पाणी परत विहिरीत, अगदी खालपर्यंत सोडायचे. कापडात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्यांच्या घरी पोचले पाहिजेत. या विहिरीचं पाणी त्या विहिरीत टाकलेलं त्यांना चालत नसे. पिण्याचं पाणी मग आई उकळायची, झाकून गार करायची. कच्चं पाणी आमच्या घरात कुणी तोंडाला लावत नव्हतं.

अशा घरातली मुलगी प्राणिशास्त्राला गेली कशी, हे मला अजून लोक विचारतात. मला विज्ञान शिकवणारी बाई व्हायचं होतं, आणि वनस्पतीबरोबर प्राणी घ्यावेच लागायचे, एवढं साधं होतं ते. पहिलं वर्ष गांडूळ, झुरळ यांची चित्रं काढण्यात गेलं आणि घरी कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी आप्पांना सगळ्यांदेखत गाठलं. "आप्पा, तुमची लेक बेडकं कापती म्हनं?" आप्पा घरी आले ते चप्पल काढायचं विसरून थेट पुढच्या सोप्यात. मी पुस्तक घेऊन बसले होते.

"कापतीस व्हय गं?"

"मेलेली असत्यात आप्पा. आमच्या हातात यायच्या आदीच मेलेली."

"कुनी मारल्याली?"

मी पुस्तक मिटून ठेवलं. आप्पा चिडले नाहीत, आणि तेच वाईट होतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. ते खांबाला टेकून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "पद्मा, तुला शिकाय मी कवा न्हाई म्हनलो न्हाई. पन ह्ये मला पचनार न्हाई. उंद्या शनवार. उंद्याचा दिस जा, तुझं काय सामान आसंल ते घिऊन ये. सोमवारी मी येतो, नाव काडून टाकू." आई चुलीपुढून एकदा माझ्याकडे बघून परत भाकरी थापायला लागली. आमच्या घरी आप्पांनी हळू आवाजात सांगितलेलं कधी बदलत नसे. मी रडले नाही. रडून काय होणार हे ठाऊक होतं.

त्या शनिवारी नेमका गोणपाटाचा बोजा आला. बाईंना मी काही सांगितलं नव्हतं. टेबलावर ट्रेमध्ये शिंगाळे मांडले होते, एकेका टेबलाला एकेक. बाई रंगात आल्या होत्या. "अंगाला खवला नाही, बघा. डोकं हाडाचं, वरून खरबरीत, हात फिरवा. मिशांच्या तीन जोड्या. पाठीवरच्या आणि बाजूच्या परांना एकेक काटा. बोट लावाल तर खबरदार, करवतीसारखे दाते आहेत आणि विषारी आहे, हात खांद्यापर्यंत ठणकेल. आता पाठीवर मागे, शेपटीच्या अलीकडे हा मऊ मांसल पर. त्यावर काळा ठिपका दिसतोय? पण ठिपक्यावरही विसंबायचं नाही. याचे भाऊबंद पुष्कळ. तुमच्या कृष्णेतल्या शिंगट्यालाही मिशा आहेत. नेमका कोणता ते ठरवायचं तर टाळू बघायची. टाळूवर दातांचे चट्टे असतात, त्यांचा आकार आणि संख्या बघा आणि मग बोला." मी चिमट्यानं आमच्या शिंगाळ्याचा जबडा उघडला. टाळू दिसलीच नाही. तोंड गच्च भरलेलं होतं. लहान गोट्यांएवढे पिवळट मणी, आणि त्यांच्यात बारीक पिल्लं, पोटाशी पिवळी गोळी लटकलेली, काळे टपोरे डोळे. मला वाटलं, यानं मरता मरता काहीतरी गिळलं असावं. तेवढ्यात त्यातलं एक हललं.

बाई धावत आल्या. "अरे वा! नर आहे हा. मादी अंडी घालून मोकळी होते आणि हा ती तोंडात घेऊन फिरतो. पिल्लं सुटी होईस्तोवर अन्नाला शिवत नाही. पोट बघशील तर रिकामं असेल." त्यांनी बोटांनी हलकेच सगळं काचेच्या भांड्यात काढलं. बरीच मेलेली होती, पण मूठभर पिल्लं भांड्यातल्या पाण्यात शेपट्या हलवायला लागली. सगळ्या मुली गोळा झाल्या. कुणीतरी विचारलं, आता यांचं काय करायचं? बाई म्हणाल्या, "फॉर्मॅलिन. दुसरं काय? सांगलीत समुद्र कुठून आणू?" त्यांच्या बोलण्यात काही दुष्टपणा नव्हता. पण मला ते ऐकवेना. कॉलेजातला माझा शेवटचा दिवस आणि शेवटी माझ्याच हातून उघडलेल्या तोंडातली ही पोरं बाटलीत जाणार. मी म्हणाले, "बाई, मी नेऊ घरी?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुझ्या घरी? पद्मा, तुमच्याकडे चालेल? आणि जगायची नाहीत गं ती. मीठ घालून बघ हवं तर." मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वतः बरणीत पाणी भरून दिलं आणि मीठ किती घालायचं ते चव देऊन सांगितलं, आमटीचं सांगावं तसं.

घरी आईनं बरणी बघितली आणि कपाळाला हात लावला. "आगं बया! मासळी घरात?" शेजारी ऐकतील म्हणून ती कुजबुजत ओरडत होती. आप्पा मळ्यातून आले, हातपाय पिवळेधमक. त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली. मी सगळं सांगितलं, बापाच्या तोंडातलं, उपाशी राहण्याचं, बाटलीचं. ऐकताना त्यांनी बरणी हातातून सोडली नाही. मग आईला म्हणाले, "मासळी न्हवं ही. जीव हाईत. ठिव सोप्यात." रात्रीचं म्हणून कुणी बरणीला हात लावायचा नाही असं ठरलं, पण झोपेपर्यंत तिघंही आळीपाळीनं डोकावून येत होतो. आईसुद्धा. विहिरीच्या पाण्यात मीठ घालून मी त्यात भर घातली होती आणि पिल्लं त्यात खुशाल होती.

सकाळी आईनं सुचवलं, "आवं, नदीत सोडा की. संगम तर हितंच हाय."

"नदी त्यांची न्हाई," आप्पा म्हणाले. "ज्या पान्यातनं आली त्या पान्यात गेली पायजेत. रत्नागिरीला न्ह्यायची."

आम्ही दोघी बघत राहिलो. आप्पा आयुष्यात कोल्हापूरच्या पलीकडे गेले नव्हते. हळदीची कायल चढलेली, गडी खोळंबलेले, आणि हे निघाले मूठभर मासे घेऊन दर्याला. पण मला त्यात नवल वाटलं नाही. रोज पहाटे कापड उलटं करून पाणी विहिरीत सोडणारा माणूस दुसरं काय करणार होता? मला फक्त एवढंच वाटत होतं की ही जगली, तर कदाचित आप्पा सोमवारचं विसरतील. कुणाला सांगायचा नाही असा तो विचार होता. बरणीकडे बघताना मी पिल्लांची काळजी करत होते की माझी, ते मलाच नीट सांगता येत नव्हतं.

निघायच्या वेळी आप्पांनी स्टीलची कळशी घासून घेतली. बरणी काचेची, एसटीत फुटली तर? पण पाणी कुठलं घालायचं यावर ते अडले. "कच्च्या पान्यात मीठ घालायचं न्हाई. त्या पान्यातलं जीव मरत्यात. काल तू घातलंस ते आसूदे, आता न्हाई." म्हणून रात्री उकळून झाकून ठेवलेलं, गार झालेलं पाणी आईनं आणलं. ते आप्पांनी परत एकदा गाळलं, मीठ विरघळवलं, चवही बघितली. सांडू नये म्हणून कळशी गळ्यापर्यंत भरली, पिल्लं ओंजळीनं अलगद आत सोडली आणि तोंडाला गाळण्याचं कापड बांधलं. घरात होतं त्यातलं सगळ्यात चांगलं पाणी होतं ते. पाहुणा आला असता तर त्यालाही तेच दिलं असतं.

एसटीत आप्पा कळशी मांडीवर घेऊन बसले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, टोपी. शेजारी एक गडी तंबाखू मळत होता. त्यानं विचारलं, "काय वो त्यात? तूप का?"

"पोरं हाईत," आप्पा म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"कुनाची?"

"दर्याची."

गड्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि तोंड फिरवून बसला. मला हसू आलं आणि आप्पांनाही आलं असावं, कारण त्यांच्या मिशा हलल्या. जयसिंगपूर जाईपर्यंत सगळं बरं होतं. मग मी कापड जरा सरकवून बघितलं तर पिल्लं सगळी वर आली होती आणि तोंडं उघडत-मिटत होती. "उकडतंय त्यास्नी," आप्पा म्हणाले आणि कळशीवर टोपीनं वारा घालायला लागले. कोल्हापूरच्या स्टँडवर मी म्हणाले, नळाचं पाणी घालू का थोडं? "कच्चं? आन हे एवढं चांगलं सोडून?" मी कापड परत सारखं केलं. पाण्यात हवा विरघळलेली असते हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पण ते पाणी पुस्तकातलं. आमच्या घरचं, आप्पांनी गाळलेलं पाणी हे त्यातलंच एक पाणी, असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. मलकापूरला दोन-तीन पिल्लं उलटी होऊन तरंगत होती. आंबा घाटात गाडी वळणं घेत होती, आप्पा दोन्ही हातांनी कळशी सावरत होते आणि मी कापडाखाली बोट घालून एकेकाला हलवून बघत होते. हललं की आप्पा विचारायचे, "हाय?" मी म्हणायची, "हाय." घाट उतरता उतरता त्यांनी विचारणं सोडलं.

कळशीत काही उरलं नाही हे दोघांनाही कळलं होतं, तरी साखरपा आला तेव्हा कुणी उतरून परत फिरू म्हणालं नाही. रत्नागिरीच्या बंदरावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आप्पांनी समुद्र पहिल्यांदाच बघितला. "लय मोठा हाय गं," एवढंच म्हणाले. पाण्यात गुडघाभर उतरून त्यांनी कळशी हळूच आडवी केली, ओठ हलत होते, णमोकार मंत्र म्हणत असावेत. मी मागं उभी होते. पिल्लं लाटेबरोबर पुढे गेली आणि लाटेबरोबर परत त्यांच्या पायाशी आली. ते वाकून ओंजळीनं त्यांना आत लोटत होते, ती पुन्हा येत होती. शेवटी मीच जाऊन त्यांचा हात धरला.

परतताना धक्क्यावरून जावं लागलं. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. माशांचे ढीग, बायकांची लिलावाची बोली, चिखल, वास. आप्पांनी नाकाला उपरणं लावलं नाही. मान खाली घालून चालले होते. एका पाटीशी मात्र थांबले. शिंगाळ्यांचा ढीग होता आणि एक बाई एकेकाचा जबडा दाबून त्यातून पिवळे मणी टोपलीत पाडत होती. शेंगा सोलाव्यात इतक्या सहज. तेही खातात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढी समदी मी कुठं न्हिऊ गं?" ते खरंच विचारत होते. त्या माणसाला आयुष्यभर वाटत आलं होतं की आपण काळजी घेतली तर निभावतं. मी रिकामी कळशी त्यांच्या हातातून घेतली.

सोमवारी ते ठरल्याप्रमाणे कॉलेजात आले. प्रॅक्टिकल हॉलच्या दाराशी चप्पल काढली, बाईंना हात जोडले आणि नाव काढण्याचं बोलण्याआधी म्हणाले, "बाई, येक विचारायचं हुतं. रातभर जगल्याली पोरं गाडीत का मेली?"

बाईंना आमच्या घरच्या पाण्याचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं होतं?"

"चांगलं. उकळून गार केल्यालं. गाळून. गळ्यापत्तूर भरल्यालं."

"अहो, मग बरोबर," बाई म्हणाल्या, प्रश्न सुटल्याच्या आनंदात. "उकळलं की पाण्यातली हवा निघून जाते. वर कळशी भरलेली, तोंड अरुंद, नवी हवा मिसळणार कुठून? गुदमरली ती. साधं विहिरीचं पाणी असतं तर काही तरी..." आणि त्यांनी आप्पांचा चेहरा बघितला आणि थांबल्या.

आप्पा शेजारच्या स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "म्हंजी आमीच मारली म्हना की."

"तुम्ही काही मुद्दाम नाही केलंत हो, आप्पा."

"मेल्याल्याला मुद्दाम आन बिनमुद्दाम काय कळतंय, बाई?"

हॉलमध्ये नळ टपकत होता. मी बाईंच्या मागे उभी होते आणि मला वाटत होतं की त्यांनी आता काही बोलू नये, कुणीच बोलू नये. आप्पांनी विचारलं, "हे हवेचं कुठं लिवलंय?"

"हिच्याच पुस्तकात आहे," बाई हळूच म्हणाल्या.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मग उठले, धोतर झटकलं. "मग ऱ्हाऊ द्या हिचं नाव. शिकवा तिला. नीट शिकवा." एवढं बोलून बाहेर पडले. चप्पल उलटसुलट घातली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मी दप्तर तिथंच टाकून त्यांच्यामागे धावले. हरिपूरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी चिंचेची झाडं, दुपारची वेळ, सावलीत बैलगाड्या सोडलेल्या. आप्पा माझ्यापुढे दोन पावलं चालत होते आणि रडत होते. मी त्यांना कधीच रडताना बघितलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि त्या क्षणी कुणी ते परत मागितलं असतं तर मी देऊन टाकलं असतं. पण मागणारं कुणी नव्हतं. आप्पांना हाक मारावी, हात धरावा, काही म्हणावं, यातलं एकही मला जमलं नाही. रस्त्यानं ओळखीची माणसं येत होती, आणि त्यांना काय दिसत होतं कोण जाणे, कारण जो तो नेहमीसारखा "जय जिनेंद्र आप्पा" म्हणत होता. आप्पा डोळे न पुसता थांबत होते, प्रत्येकाला हात जोडत होते, आणि पुढे चालत होते.